बुद्धगयेच्या चार खोल्या

माझं अक्षर वाईट आहे आणि शुद्धलेखन त्याहून वाईट, त्याची आधीच माफी मागते. ऱ्हस्व कुठे आणि दीर्घ कुठे हे मला चौथीपर्यंत कळलं नाही, आणि पाचवीत मला कोणी घातलं नाही. ही वही मुलीची अकरावीची आहे, मागची पानं कोरी राहिली होती म्हणून घेतली. कोणी वाचावं म्हणून लिहीत नाही. तोंडाने मला हे कधी धड सांगता आलं नाही, ना पोलीस ठाण्यात, ना विहारात, ना आमच्या ह्यांच्यापुढे. चार माणसं बघायला लागली की मधलंच काहीतरी बोलून मी गप्प होते. कागद असा बघत बसत नाही, म्हणून इथे पहिल्यापासून सांगते.

आम्ही दिघ्याला राहतो, डोंगराच्या अंगाला, चढावरच्या चौथ्या ओळीत. आमचे हे रबाळ्याकडे एका कंपनीत कंत्राटावर आहेत. मी ऐरोलीला तीन घरी पोळ्या करायला जाते. मुलगी कॉलेजला आहे.

लग्न होऊन मराठवाड्यातून इथे आले तेव्हा एकोणीस वर्षांची होते. पहिल्याच आठवड्यात नळावर हंडा घेऊन उभी होते. पाणी जायची वेळ झाली तरी माझा नंबर येईना, बायका मधेच घुसत होत्या, आणि नंबर माझा आहे असं म्हणायची हिंमत मला होईना. तेवढ्यात पदर खोचलेली एक कोकणातली बाई आली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "जय भीम गो. नवीन ना तू? आण तो हंडा इकडे." तिने माझा हंडा सरळ नळाखाली लावला. तीच आमची मावशी. सख्खी नाही, पण सगळ्या ओळीची मावशी.

त्या दिवशी माझ्या मनात एक गोष्ट बसली. जय भीम म्हणणारं माणूस आपलं. पुढे वीस वर्षं ते खरंच निघत गेलं. दवाखान्यात, शाळेत, रेशनच्या ओळीत कोणीतरी जय भीम म्हणायचं आणि मला पुढचं बोलावंच लागायचं नाही, काम होऊन जायचं. पुढे जे झालं त्यात माझी अक्कल कमी पडली हे खरं, पण ही सवय मला चांगल्या माणसांनीच लावली होती, हेही लिहून ठेवते.

आमच्या विहारात वर्षावासाचे, म्हणजे पावसाळ्याचे, तीन महिने रोज संध्याकाळी ग्रंथवाचन असतं. बायका आळीपाळीने वाचतात. माझी पाळी आली की मावशी काही न बोलता ग्रंथ पुढच्या बाईकडे सरकवते. त्या वर्षी वाचन सुरू झालं त्याच आठवड्यात मावशी सगळ्यांना म्हणाली, "बायांनो, माझे गुडघे चालतात तवर एकदा बुद्धगयेला जाऊन येऊ. तो वृक्ष मला डोळ्यांनी बघायचाय." मला धरून अकरा जणी तयार झाल्या. दर रविवारी वंदना झाल्यावर प्रत्येकीने थोडे थोडे पैसे जमा करायचे असं ठरलं. ते ठेवायचे कोणाकडे, यावर बरीच बोलाबोली झाली.

"हिच्याकडे ठेवा," मावशीने माझ्याकडे बोट केलं. "ही बोलत नाय. कोण उसने मागायला आला तरी ही काय त्याला हो बोलायची नाय."

समोरच्या ओळीतली वहिनी लगेच म्हणाली, "अवो मावशी, पण ही नाय पण बोलायची नाय ना!"

सगळ्या हसल्या, मीही हसले. ही वहिनी तोंडाने फटकळ, पण विहाराच्या कामाला कधी मागे नसायची. तिचं ते बोलणं मला नंतर फार आठवलं.

थंडी पडेपर्यंत प्रत्येकीचे तिकिटाचे पैसे भरून झाले आणि वर राहायचे दोन-दोन हजार जमले. एकीच्या जावयाने जानेवारीची रेल्वेची तिकिटं काढली. राहायचे बावीस हजार माझ्या खात्यात होते. मुलीने मला मोबाईलवरून पैसे घ्यायला आणि पाठवायला शिकवलं होतं, कारण ज्यांच्याकडे मी पोळ्या करते ते पगार मोबाईलवरच देतात. मावशीने तिकडच्या एका मोठ्या विहारात चौकशी केली होती, पण जानेवारीत खोल्या भरलेल्या. ती मला म्हणाली, "तू बघ गो मोबाईलवर. तुला येतं."

विहाराचं काम म्हणून मी आजवर चटया झटकल्या होत्या, खिरीची पातेली घासली होती. डोक्याचं काम मला पहिल्यांदाच कोणी सांगितलं. मी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी कामावर कणीक मुरत ठेवून मी मोबाईलमध्ये बोलून शोधलं. दोन ठिकाणं दिसली, पण तिथे फोन करायला सांगितलं होतं. मी नंबर लावला आणि पलीकडे वाजायच्या आत कापला. दोन्ही वेळा. मग तिसरं पान उघडलं. त्यावर त्या वृक्षाचा फोटो होता, पांढऱ्या चादरींच्या खोल्या होत्या आणि मराठीत लिहिलं होतं की महाराष्ट्रातल्या उपासक-उपासिकांसाठी घरगुती जेवणाची सोय आहे. खाली मेसेज पाठवायची जागा होती. बोलायला लागणार नव्हतं. मी लिहिलं, अकरा बायका, चार खोल्या पाहिजेत.

एका मिनिटात उत्तर आलं. "जय भीम ताई."

मला हायसं वाटलं. नळावर वाटलं होतं तसंच.

पुढचे आठ-दहा दिवस मी त्या माणसाशी जेवढं बोलले तेवढं बाहेरच्या कोणत्याही पुरुषाशी जन्मात बोलले नव्हते. त्याला मी भाऊ म्हणत होते. लिहायला वेळ लागतो म्हणून मी आवाजाचे मेसेज करायला लागले, मग तोही करायला लागला. बोलणं अगदी आमच्याकडचं. समोर माणूस नसलं की मला बोलता येतं हे मला तेव्हाच कळलं. मावशीच्या गुडघ्यांचं सांगितलं तर म्हणाला, चारही खोल्या तळमजल्यावरच्या देतो. भाताने आमच्याकडच्यांचं पोट भरत नाही म्हटलं तर म्हणाला, ज्वारीची भाकरी रोज मिळेल, पीठ आपल्याकडूनच येतं. गावाचं बोलणं निघालं, तर त्याची आत्या आमच्याच तालुक्यात दिलेली. मी पोळ्या लाटता लाटता त्याचे मेसेज ऐकायची आणि मला वाटायचं, बघा, मी पण एखादं काम करू शकते.

मुलीने एकदा विचारलं, "आई, सारखी कोणाशी बोलतेस?"

"खोल्यांवाला भाऊ. आपल्यातलाच आहे."

"कशावरून?"

"अगं, जय भीम म्हणतो."

"आई, ते म्हणायला काय लागतं? आत्ता मी कोणाला पण पाठवेन."

"तू जास्त शिकलीस म्हणून सगळ्या जगाला चोर समजू नकोस," मी म्हणाले. घरात मला बोलता येतं, आणि तिथेच मी नको ते बोलले. ती पुस्तक उघडून बसली. आमच्या ह्यांना मी काहीच सांगितलं नाही. कोणी विचारल्याशिवाय मी बोलत नाही, आणि ह्यांनी विचारलं नाही.

त्याने सगळ्यांची आधार कार्डं मागितली. खोलीसाठी लागतातच, असं विहारातल्या बायकाही म्हणत होत्या. मी रविवारी एकेकीच्या कार्डाचा फोटो काढला. "नीट काढ गं, त्यात मी आधीच भूत दिसते," वहिनी म्हणाली. मी अकराही फोटो त्याला पाठवले. मग त्याने आठ हजार आगाऊ मागितले. मी पाठवले. लगेच शिक्का मारलेली पावती आली, तिच्यावर अकरा जणींची नावं ओळीने छापलेली. मी ती पावती विहारात दाखवली. मावशीने चष्मा लावून आपलं नाव शोधलं आणि मोबाईलवर बोट ठेवून किती तरी वेळ बघत राहिली.

त्या गुरुवारी सकाळी त्याचा मेसेज आला. आवाज घाबरलेला. म्हणाला, "ताई, गर्दीचे दिवस आहेत. नागपूरचा एक ग्रुप तुमच्या खोल्यांचे पूर्ण पैसे द्यायला उभा आहे. मी त्यांना नाही म्हटलं, तर मालक माझ्यावर ओरडला. तुमच्यासाठी माझी नोकरी जाईल ताई. आजच्या आज बाकीचे भरा, म्हणजे माझी लाज राहील."

मला त्याची दया आली. आपल्यामुळे कोणी बोलणी खावी हे मला सहन होत नाही. हात धुतले, पदराला पुसले आणि चौदा हजार पाठवले. "उपकार झाले ताई," एवढं त्याने लिहिलं.

शनिवारी मी विचारलं की गाडी पहाटे पोचते, तर खोल्या तेव्हाच उघडून मिळतील का. मेसेजपुढे एकच टिक आली. दुपारी एकच. संध्याकाळी एकच. त्याच्या नावापुढचा फोटोही गेला होता, नुसता करडा गोल राहिला होता. मला वाटलं, तिकडे नेटवर्क नसेल. मग वाटलं, मोबाईल बिघडला असेल. मग वाटलं, खरंच त्याची नोकरी गेली असेल आणि ती माझ्यामुळे गेली. खरी गोष्ट सोडून मी बाकी सगळं मनात आणून बघितलं.

दुसऱ्या दिवशी रविवार. विहारात बायकांना हसू आवरत नव्हतं. कोणी किती साड्या घ्यायच्या, चटणी कोण करणार, लाडू कोण करणार.

"जी घोरते तिला वेगळी खोली द्यायची," एक जण म्हणाली.

"मग मावशीला एकटीलाच टाकायला लागेल!"

"मी घोरत नाय गो, श्वास घेते!" मावशी म्हणाली, आणि मग माझ्याकडे वळली. "खोल्यांचं पक्कं ना?"

मी मान हलवली. हो म्हणून.

तोंडाने मी खोटं बोलले नाही, पण ती मान माझीच होती. पैसे गेले त्यात मी फसले. मान हलवली तेव्हा मी फसवलं.

पुढचा आठवडा कसा गेला ते सांगायला शब्द कमी पडतात. दर दहा पोळ्यांनी हात पुसून मोबाईल बघायचा. एकच टिक. एका घरच्या मॅडम म्हणाल्या, "अहो, आज पोळ्या करपल्यात, बरं नाही का?" मी हसले. रोजची रिक्षा चुकवून चालत घरी जायची, कारण रिक्षात ओळीतली कोणी भेटली असती तर तिने खोल्यांचं विचारलं असतं. नळावर भल्या सकाळी जाऊन यायची. रस्त्यात मावशी दिसली की गल्ली बदलायची. ताटातली भाकरी तशीच उरायची. आमचे हे म्हणाले, "दवाखान्यात जाऊ या का?" मी नको म्हटलं. पुढच्या रविवारी मावशीने पुन्हा विचारलं, आणि मी पुन्हा मान हलवली.

सोमवारी मुलगी कॉलेजातून आली तेव्हा मी तांदूळ निवडत होते. ती समोर बसली आणि म्हणाली, "आई, एवढे तांदूळ तू तिसऱ्यांदा निवडतेस." मला रडू फुटलं. ताट बाजूला सारून मी तिच्या हातात मोबाईल दिला.

तिने मला एका शब्दाने दुखवलं नाही. मी मारलेला टोमणा तिला परत मारता आला असता. ती सगळे मेसेज पहिल्यापासून ऐकत गेली, मी शेजारी बसून माझाच आवाज ऐकत होते. मधेच तिने थांबवलं.

"आई, ऐक. आधी तू म्हणालीस, आमचं गाव या तालुक्यात. मग तो म्हणाला, माझी आत्या तिथे दिलेली. आधी तू म्हणालीस, मावशीचे गुडघे दुखतात. मग तो म्हणाला तळमजला. भाकरीचं पण तूच आधी म्हणालीस."

"हो."

"त्याने स्वतःहून काय सांगितलं? एक तरी गोष्ट?"

"जय भीम," मी म्हणाले.

तिने माझ्याच नावापुढचा फोटो मोठा करून दाखवला. त्यात मी आणि मुलगी आमच्या विहाराच्या दारात उभ्या, मागे निळा झेंडा. माझा पहिला मेसेज गेला तेव्हाच त्याला तो दिसला होता. जय भीमसुद्धा मीच त्याच्या हातात दिला होता.

संध्याकाळी ह्यांना सांगितलं. ते जेवत होते, हात तसाच ताटात राहिला. "बावीस हजार म्हणजे माझा दीड महिन्याचा पगार," एवढंच म्हणाले. मग हात धुऊन आल्यावर, "मला एकदा विचारायचं तरी. मला पण नसतं कळलं कदाचित, पण दोघांनी मिळून फसलो असतो."

दुसऱ्या दिवशी मुलीने मोबाईलवरून तक्रार नोंदवली आणि आम्ही पोलीस ठाण्यात गेलो. तिथल्या पोलीसबाई तरुण होत्या, माझ्या भाचीच्या वयाच्या. त्यांनी विचारलं, "काकू, पैसे गेल्याला किती दिवस झाले?"

मी मुलीकडे बघितलं. मुलगी म्हणाली, "बारा."

"त्याच दिवशी आला असतात तर काही अडवता आलं असतं. आता खातं रिकामं झालं असणार. एवढे दिवस काय केलंत?"

"वाट बघितली," मी म्हणाले.

"घरात कोणाला सांगितलं होतं?"

"नाही."

त्या लिहायच्या थांबल्या. "त्याला तेच पाहिजे असतं. घाई करायची आणि माणसाला एकटं पाडायचं. आणि ही आधार कार्डं? त्या बायकांना आधी सांगा, कोणाच्या नावावर काही केलं तर त्यांना कळायला नको का?"

पैशाच्या भीतीत मला हे सुचलंच नव्हतं. दहा जणींचे चेहरे आणि पत्ते मी त्या माणसाला दिले होते. ठाण्यातून मी घरी गेलेच नाही, थेट मावशीकडे गेले. मुलगी म्हणाली, "मी सांगू का?" मी म्हटलं, "तू दाराशी थांब."

मावशी मेथी निवडत बसली होती. मी समोर बसले, चार काड्या हातात घेतल्या आणि पानं तोडता तोडता खाली बघून सगळं सांगितलं. पहिल्यापासून नाही, शेवटापासून. पैसे गेले, खोल्या नाहीत, कार्डं पण गेली. आणि मी दोन रविवार मान हलवली.

मावशीचे हात थांबले. "पैसे चोराने नेले," ती म्हणाली. "त्याला मी काय बोलू, तो समोर नाय. पण दोन रविवार गो? मी तुझ्या तोंडाकडे बघून विचारत होते."

मी हातातली काडी खाली ठेवली.

"तिकटं तरी खरी हायत ना?"

"ती खरी आहेत. जावयाने काढलीत."

"मग जायाचं. खोली नाय तर नाय." ती उठली, गुडघ्यावर हात टेकून, आणि म्हणाली, "चल. आत्ताच सगळ्यांना सांगू. उद्यावर गेलं तर तू परत मान हलवशील."

विहाराच्या ओट्यावर सगळ्या जमल्या. मावशी माझ्या शेजारी उभी होती, पण बोलली नाही, मला बोलायला लावलं. मी काय बोलले ते मला धड आठवत नाही. एकीने डोळ्याला पदर लावला. तिने धुणीभांड्याच्या पैशातून ते दोन हजार जमवले होते. वहिनी म्हणाली, "मी तवाच बोलले होते, ही कोणाला नाय बोलायची नाय. तवा तुमी हसलात."

"तू पण हसलीस ना," मावशी म्हणाली.

"हसले. आता हसू येत नाय." मग ती माझ्याकडे वळली. "माझे दोन हजार मला पाहिजेत. गोड बोलून सोडणाऱ्यातली मी नाय."

"देणार," मी म्हणाले. "सगळ्यांचे देणार."

मुलीने त्याच आठवड्यात प्रत्येकीच्या घरी जाऊन कार्डांचं काय करायचं, कोणी फोन केला तर काय सांगायचं नाही, बँकेत काय विचारायचं ते समजावलं. एका घरात तिला चहा मिळाला, एका घरात दारातूनच बोलावं लागलं.

माझं तिकीट मी परत करायला लावलं. पैसे थोडे कापून आले, ते मावशीच्या हातात दिले. दहा जणी गेल्या. त्या गाडीत बसल्यापासून माझा जीव थाऱ्यावर नव्हता. पोचतील आणि राहतील कुठे? थंडीत मावशीचे गुडघे? तिसऱ्या दिवशी दुपारी मावशीचा फोन आला. मागे घंटा आणि माणसांचा आवाज.

"बसलोय वृक्षाखाली," ती ओरडून सांगत होती. "एका विहाराच्या हॉलात जागा दिली. खाली सतरंज्या हायत. वहिनी बोलते, मी घोरते म्हणून अख्खा हॉल जागा हाय!"

मी ओट्याला धरून उभी होते. गॅसवरची पोळी फुगून खाली बसली.

त्यानंतर पैसे फेडायला मला जवळजवळ सव्वा वर्ष लागलं. ऐरोलीत आणखी दोन घरं धरली. पहाटे उठून एका ऑफिसातल्या लोकांचे डबे केले. ह्यांनी रविवारची जादा पाळी घेतली आणि मला कधी त्याबद्दल ऐकवलं नाही. जिला गरज जास्त, तिला आधी, असं मी ठरवलं होतं, म्हणून धुणीभांडीवालीपासून सुरुवात केली. एक बाई म्हणाली, "राहू दे, तू पण लुटलीच गेलीस ना." मी तिच्या हातात ठेवून आले. मावशी मात्र ऐकेना. मी डब्याखाली नोटा सरकवून आले की ती पुढच्या रविवारी माझ्या मांडीवर आणून टाकायची. तिसऱ्या खेपेला मी तिचा हात धरला.

"मावशी, तू घेतले नाहीस तर मला विहारात वर बघून बसता येणार नाही."

ती माझ्याकडे बघत राहिली. "किती बोललीस गो आज," ती म्हणाली, आणि नोटा कनवटीला लावल्या.

पैसे मोजता येतात, फेडता येतात. त्या कार्डांचं तसं नाही. अजून कोणाच्या मोबाईलवर अनोळखी नंबर आला की तिची नजर माझ्याकडे जाते, किंवा मला तसं वाटतं. तक्रारीचं पुढे काही झालं नाही. मुलगी अधूनमधून चौकशी करते. मी मोबाईल वापरायचा सोडला नाही, पण आता अनोळखी माणसाने कितीही आपलेपणाने नमस्कार घातला तरी मी आधी विचारते, तुमचं गाव कुठलं, आणि त्याचं सांगून होईपर्यंत माझं सांगत नाही. आणि हातात मोबाईल असला तर दुसऱ्या कोणाला तरी तो दाखवते. ह्यांना, मुलीला, मावशीला. मावशीला काही कळत नाही, तरी दाखवते.

शेवटी वहिनी राहिली. तिच्या नवऱ्याला बंदराजवळ द्रोणागिरीला गोदामावर वॉचमनची नोकरी लागली आणि ते घर सोडून तिकडे गेले. तिने मधल्या काळात दोनदा फोन करून आठवण दिली होती. परवाच्या सुट्टीला मी एकटी निघाले. दोन बसा बदलल्या. शेवटचा रस्ता लांबच लांब, दोन्ही बाजूंना कंटेनरचे ट्रक एकामागे एक उभे, माणूस कुठे दिसत नाही. पिशवीतल्या पैशावर मी सारखा हात ठेवत होते. एका ट्रकवाल्याला पत्ता विचारायला लागला. विचारला.

वहिनी नव्या इमारतीत राहते, अर्धे फ्लॅट रिकामे. दार उघडून ती बघतच राहिली.

"तू? एकटी आलीस?"

"हो."

"अगं, मोबाईलवरून पाठवायचे ना! एवढ्या उन्हात कशाला तंगडतोड?"

"हातात द्यायचे होते."

तिने मला बसवलं, पंखा लावला, पाणी दिलं. मी पिशवीतून पाकीट काढून पुढे केलं. तिने आडपडदा न ठेवता माझ्यासमोर, बोटाला थुंकी लावून, नोटा मोजल्या. एकदा मोजून झाल्यावर परत मोजल्या. तिचा तो स्वभावच आहे, आणि मला त्याचं वाईट वाटलं नाही. उलट ती मोजत होती तोवर मीही मनात मोजत होते, जणू एखादी नोट कमी निघेल.

"दोन हजार," ती म्हणाली. "बरोबर हायत. आता तुझ्याकडे कोणाचं काही नाय ना?"

"नाही," मी म्हणाले. "तुझेच शेवटचे होते."